पाण्याचा फेरा

आम्ही नागपूरची माणसं. 'वॉटर कूलिंग' म्हटलं की आम्हाला आठवतात त्या वाळ्याच्या ताट्या आणि कूलरच्या टाकीत ओतलेल्या बादल्या! नातवानं कॉम्प्युटरमध्ये पाणी फिरवायचं ठरवलं तेव्हा हिचा पहिला प्रश्न, "रोज पाणी कोण भरणार?"

रोज भरायचं नसतं. आपल्या कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून हवा गार होते. इथे पाणी बंद नळीत फिरतं. चिपची उष्णता उचलायची आणि रेडिएटरमध्ये पंख्याच्या हवेला देऊन यायचं. म्हणजे खोलीतल्या हवेहून ते गार होणं शक्यच नाही. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर, तर पाणी त्याच्याही वर.

मग हा खटाटोप कशाला? आवाजासाठी. नातू ॲनिमेशनची कामं करतो. यंत्र रात्रभर चालू, आणि तेही हॉलमध्ये, हिच्या पलंगापासून चार हातांवर. बायपासनंतर हिला जरा खुट्ट झालं की जाग येते. रेडिएटर मोठा असला की पंखे सावकाश फिरले तरी भागतं.

मांडणीवरून मात्र वाद रंगला. आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड? नातू म्हणे, तापलेलं पाणी दुसऱ्याकडे जाईल. मी मराठीचा मास्तर, पण हिशेब सोपा आहे. मिनिटाला ४ लिटर पाणी आणि ३०० वॅट उष्णता, तर पाणी जेमतेम १ अंशानं तापतं. तेव्हा नळ्या कमी वळतील तो क्रम बरा. मोडायचा नाही तो एकच नियम: टाकी पंपाच्या आधी, आणि शक्यतो वर. त्या पंपाला वंगणही पाण्याचंच. कोरडा फिरला की कामातून गेला. (तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटरही नको. ॲल्युमिनियम गंजतं.)

पाणी भरल्यावर २४ तास फक्त पंपाला वीज दिली, बाकी सगळं बंद. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. पोराची वर्षभराची कमाई त्या पेटीत, एक थेंब पुरे होता. रात्री तो टॉर्च घेऊन किती वेळा उठला, देव जाणे. कागद कोरडेच राहिले. पेटी तिरकी करून हलवली तेव्हा अडकलेली हवा बुडबुडे होऊन टाकीत आली. पाणी बोटभर उतरलं, ते पुन्हा भरलं.

यंत्र सुरू झालं त्या रात्री ही दोनदा उठली. बंद पडलं की काय, ते बघायला!