एका टाचेचा आवाज

आषाढातला बेळगावचा पाऊस रात्रभर कोसळून पहाटे थोडा दमायचा, आणि त्या उसंतीत आम्ही रंगरूट कवायतीच्या मैदानावर उभे राहायचो. आजूबाजूची लाल माती मऊ होऊन गप्प झालेली असे. पण पिढ्यान् पिढ्यांच्या बुटांनी घोटलेली ती मैदानाची जमीन भर पावसाळ्यातही टाचेला खणखणीत उत्तर द्यायची. पहिले काही आठवडे त्या उत्तरात नुसता गोंधळ होता. ‘थम’ ऐकताच आमच्या टाचा फरशीवर चणे सांडावेत तशा मागेपुढे वाजत राहायच्या, आणि उस्ताद शांतपणे म्हणायचे, ‘फिर से.’

मग एके सकाळी, का आणि कसं ते आजही उमगत नाही, सगळ्यांची टाच एका क्षणी पडली. एकच आवाज. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान किंचित वर केली.

त्या आवाजात मी माझं पाऊल शोधलं. सापडलं नाही. दुःख व्हायला हवं होतं, पण गळा दाटून आला तो सुखानं. गावाकडे माझी आई अंगणातल्या पावलावरून मला ओळखायची. चुलीपाशी बसल्या बसल्या, मागे न वळता, ‘आलास का रं?’ म्हणायची. कसम परेडला ती आली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जलद चालीनं आमची तुकडी तिच्यासमोरून गेली. नंतर माझा हात हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, ‘लई कान दिला, पर तुझं पाऊल कुठलं ते कळंना.’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

१७६८ पासूनचा आमच्या पलटणींचा इतिहास उस्ताद आम्हाला सांगत. त्यातले नाईक यशवंत घाडगे माझ्या मनात कायमचे राहिले. १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत, सोबतचे सगळे मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर, ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथंच त्यांना मरण आलं. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल ऐकताना ऊर भरून यायचा. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला त्यांची शेवटची पावलं ऐकू यायची. बरोबरीनं पडणाऱ्या इतक्या टाचा एकाएकी थांबल्यावर, उरलेल्या एका टाचेला आपला आवाज कसा वाटला असेल?

दिवसा आमचा आवाज एक होता. रात्री, दिवे मालवल्याचं बिगुल वाजून गेलं की बराकीत तो पुन्हा सुटा सुटा व्हायचा. ब्रासो, बूटपॉलिश आणि न वाळलेल्या मोज्यांच्या वासात खाटांची रांग हळूहळू बोलू लागायची. मालवणचा एकजण झोपेत ‘गे आये’ म्हणून कूस बदलायचा. अपशिंगे मिलिटरीचा एक होता, पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेल्या गावचा. तो दिवसभर सगळ्यांत ताठ असायचा आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडायचा. आम्ही सगळे ऐकत असू, पण कुणीही सकाळी त्याबद्दल बोललं नाही. माण तालुक्यातल्या पोराला तर पावसामुळे झोपच येत नसे. छपरावर धो धो आवाज सुरू झाला की तो उठून खिडकीतून हात बाहेर काढी आणि अंधारात पुटपुटे, ‘केवढं पाणी वाया चाललंय रं.’ त्याच्या गावची कोरडी विहीर मी कधी पाहिली नाही, पण त्या वाक्यानं ती मला पुरती दाखवली.

आणि शेजारच्या खाटेवर चंदगडचा. त्याला कोरडा, दोन तुकड्यांचा खोकला होता. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा जरा वरच्या सुरात. उस्तादांना तो ऐकू जाऊ नये म्हणून दिवसभर दाबलेला सगळा खोकला तो रात्री मोकळा करायचा. सुरुवातीला मी वैतागायचो. पुढे तो ऐकू आल्याशिवाय माझा डोळा लागेना.

प्रशिक्षण संपलं आणि आम्ही वेगवेगळ्या पलटणींत पांगलो. पत्रं आली, मग थांबली. ते सगळ्यांचंच होतं.

बऱ्याच वर्षांनी जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पात, वीज गेलेल्या रात्री, अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत मी पडलो होतो. पलीकडच्या भिंतीशी कुणीतरी खोकलं. दोन तुकडे, दुसरा वरच्या सुरात.

मी अंधारातच उठून बसलो. ‘चंदगड?’

क्षणभर काहीच नाही. मग खाट करकरली. ‘आरं, तू व्हय!’ तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की निम्मी खोली शिव्या देत जागी झाली. आम्ही त्यांची माफी मागितली, मगे घेतले आणि लंगरात चहा मिळतो का ते पाहायला निघालो.