तागालोग शिकावी मराठीतून

मनिलाच्या कुठल्याही पालेंकेत, म्हणजे मंडईत, तांदळाचं दुकान लांबूनच ओळखू येतं. उघड्या खोक्यांत तांदळाचे ढीग आणि प्रत्येक ढिगात खोचलेली किलोच्या भावाची पाटी. हा झाला ‘बिगास’. तोच शिजून ताटात आला की ‘कानिन’. शेतात उभा असतो तेव्हा ‘पालाय’. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड म्हणजे ‘तुतोंग’, आजाऱ्याला देतात तो पातळ, मऊ भात ‘लुगाव’, आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी लसणावर परतला की ‘सिनांगाग’. इंग्रजीतून तागालोग, म्हणजे इथली भाषा, शिकवणाऱ्या पुस्तकांत यातल्या पहिल्या तिन्ही शब्दांपुढे बऱ्याचदा ‘राइस’ एवढंच असतं. त्यावर विसंबलेला परदेशी माणूस खाणावळीत बसून ‘बिगास’ मागतो आणि वाढणारी बाई गोंधळते. मराठी माणसाच्या तोंडी मात्र साळ, तांदूळ आणि भात लहानपणापासून वेगवेगळे असतात. कानिनसोबत जे काही खायचं त्याला तागालोगमध्ये ‘उलाम’ म्हणतात. त्याचा अर्थ सांगताना इंग्रजीची दमछाक होते. आपल्याकडे ‘कालवण’ म्हटलं की काम झालं.

नोकरीसाठी किंवा डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी फिलिपिन्सला आलेली मराठी मंडळी तरीही इंग्रजी पुस्तकांपासूनच सुरुवात करतात. मनिलात इंग्रजीवर भागतं, दुकानांच्या पाट्या इंग्रजीत असतात, त्यामुळे ते साहजिक आहे. पण शब्द मनात साठवताना इंग्रजीचा वळसा घालायची गरज नसते, आणि त्या वळशात बरंच काही सांडतं.

सर्वनामंच घ्या. ‘कामी’ आणि ‘तायो’ या दोन्हींना इंग्रजीत एकच ‘वी’. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक अंगवळणी पाडायला बराच सराव करावा लागतो. मराठीत तो आहेच: कामी म्हणजे आम्ही, तायो म्हणजे समोरच्याला धरून आपण. ‘कुमाइन ना कामी’ म्हणजे आमचं जेवण झालं. आणि डबा उघडून बसलेला कामगार जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्या माणसाला हाक देतो, ‘काइन तायो!’ पुस्तक त्याचा अर्थ सांगतं ‘चला खाऊ या’. ती हाक खरं तर आपल्या ‘या जेवायला’ची आहे. ऐकणाऱ्याने बहुतेक वेळा हसून नको म्हणायचं असतं, हेही मराठी घरात वाढलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

जीपनीत, म्हणजे इथल्या प्रवासी जीपगाडीत, तर भाषेची शाळाच भरते. प्रवासी समोरासमोरच्या दोन बाकांवर बसलेले असतात. मागचा माणूस ‘बायाद पो’ म्हणत नाणी पुढच्याच्या हातात देतो, ती हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात, आणि ‘सुक्ली’, म्हणजे उरलेले सुटे पैसे, त्याच वाटेने परत येतात. उतरायचं असलं की ‘पारा पो’. हा ‘पो’ आदराचा. ‘ओओ’ म्हणजे हो आणि ‘ओपो’ म्हणजे ‘हो जी’. एकट्या वडीलधाऱ्यालाही अनेकवचनी ‘कायो’, जसं आपलं ‘तुम्ही’. ड्रायव्हर ‘कुया’, दुकानातली मुलगी ‘आते’. दादा आणि ताई. हे दोन्ही शब्द चीनच्या होक्किएन बोलीतून आले, पण त्यांचा वापर पुण्याच्या रिक्षात किंवा दादरच्या भाजीबाजारात व्हावा तसाच होतो.

खरी कसोटी क्रियापदात आहे. ‘काइन’ म्हणजे खाणं. त्याच्या पोटात ‘उम’ घुसला की ‘कुमाइन’, ‘इन’ घुसला की ‘किनाइन’. ‘कुमाइन नांग मांग्गा आंग बाता’ म्हणजे मुलाने आंबा खाल्ला, आणि ‘किनाइन नांग बाता आंग मांग्गा’ म्हणजेही मुलाने आंबा खाल्ला. पहिल्या वाक्यात वजन मुलावर आणि आंबा कुठलातरी, दुसऱ्यात वजन आंब्यावर आणि तोही ठरावीक. इंग्रजी व्याकरण इथे कर्मणी प्रयोगाची आठवण काढतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, ही बोलण्याची आडवळणाची तऱ्हा असणार. तसं नाही, ही तागालोगची रोजची चाल आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला, मुलाने कैरी खाल्ली’ असं क्रियापद कर्माच्या मागे चालवणाऱ्या मराठी माणसाला तिचं भय वाटायचं कारण नाही. दोन्ही व्यवस्था एक नव्हेत, पण कर्माला मान देणारं वाक्य आपल्या कानाला नवं नाही.

शब्दकोशात ‘कुमाकाइन’, म्हणजे ‘खात आहे’, हा शब्द क-ऊखाली शोधून उपयोग नसतो, धातू काढून ‘काइन’पाशी जावं लागतं. लिओ जेम्स इंग्लिश या ऑस्ट्रेलियन धर्मगुरूंचा 1986 सालचा तागालोग-इंग्रजी कोश असाच धातूंवर रचला आहे आणि अजूनही तोच घ्यावा. कोशांची परंपराही इथे जुनी आहे. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या मिशनऱ्याचा तागालोग शब्दसंग्रह 1613 साली पिला गावी छापला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं.

संस्कृतातून मलायमार्गे आलेले शब्द मराठी माणसाला सुखावतात. गुरो, मुखा, आसा. ‘हालागा’, म्हणजे किंमत, हा शब्द ‘अर्घ’वरून आला, आणि आपलं ‘महाग’ ‘महार्घ’वरून. पण इथेच सावध राहायला हवं. ‘सिंता’ चिंतेपासून निघाला तरी अर्थ प्रेम. ‘दुखा’ म्हणजे गरीब. ‘सालिता’ चरितावरून आलेला, अर्थ शब्द किंवा बोलणं. ‘लाक्सा’ म्हणजे लाख नव्हे, दहा हजार. स्पॅनिश जाणणाऱ्यालाही असाच चकवा बसतो: स्पॅनिशमधला ‘खात्रीने’ अर्थाचा शब्द इथे ‘सिगुरो’ होऊन ‘कदाचित’ झाला. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून अर्थ गृहीत धरू नये.

या नात्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लगुना प्रांतात 1989 साली सापडलेला हा ताम्रपट जुन्या मलाय भाषेत, कावी लिपीत कोरलेला आहे. मजकूर कर्जमुक्तीचा, आणि त्यावरची तिथी आहे शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. पंचांग बघणाऱ्या मराठी माणसाने तो एकदा तरी जाऊन पाहावा.

मंडईत आणखी एक गाठ पडते. मोठ्या कांद्याला इथे ‘सिबुयास बुम्बाय’ म्हणतात आणि कुठल्याही भारतीयाला ‘बुम्बाय’. मुंबईचं नाव असं देशभर पसरलं, पण दारोदार व्याजाने पैसे देणाऱ्यांशीही ते जोडलं गेल्यामुळे त्याला कधी कधी तुच्छतेची धार असते. ती सहन करायची गरज नाही. ‘इंडियन पो आको’ असं शांतपणे सांगितलं की ऐकणारा समजून घेतो.

फिलिपिन्सला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांना म्हणून एकच विनंती. वहीत तागालोग शब्दापुढे मराठी अर्थ लिहा आणि मराठीत नसेल तेव्हाच इंग्रजीकडे जा. मनिलात आधीपासून राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपले शब्द नव्यांच्या हाती द्यावेत. असा मराठी-तागालोग शब्दसंग्रह कुणी नेटाने केला, तर पुढच्या प्रत्येकाचे पहिले काही महिने सोपे होतील.