नर्मदेवरील जलविहार

आमच्या अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदामाई वाहते. नाताळच्या सुटींत आम्हीं यंत्रनौकेंतून तेथें जलविहार केला. एका बाजूस सातपुडा, दुसरीकडे विंध्याद्रीचे डोंगर, मध्यें सागरासारखें अफाट पाणी; आम्ही आनंदानें गाऊं लागलों. मणिबेलीजवळ नावाड्यानें यंत्र थांबवून पाण्यास हात जोडिले.

“दादा, येथें काय आहे?”

“शूलपाणेश्वराचें जुनें देऊळ, अन् आमचें घर.”

सरदार सरोवराची भिंत चढत गेली, तसतसें तें सारें बुडालें. २०१७ सालीं १३८.६८ मीटर उंचीच्या त्या धरणाचें लोकार्पण झालें. तेथील पाण्यानें कच्छची तहान भागते, हें आम्ही पुस्तकांत शिकलों होतों. त्याखालीं कोणाची चूल आहे, हें शिकलों नव्हतों. परततांना कोणीं गाणें म्हटलें नाहीं.