अपात्रता आणि बडतर्फी

भाषांतराचे काम करणाऱ्यास कायद्याचे शब्द फार जपून हाताळावे लागतात. ‘अपात्रता’ आणि ‘बडतर्फी’ हे दोन शब्द मी कित्येकदा मराठीत उतरवले. परंतु त्या दोहोंमधील अंतर केवढे आहे, हे मला एका निकालपत्राने दाखवले.

दिल्लीच्या दूध योजनेतील एक रोखपाल कारकून. घरावर संकटांमागून संकटे कोसळत असता त्याने पाचशे रुपयांचा अपहार केला. पुढे रक्कम भरली, न्यायालयात गुन्हाही कबूल केला. पाचशे रुपये ही क्षुल्लक बाब, असे मी म्हणणार नाही. सरकारी पैसा तो सरकारी पैसा. परंतु त्याची दशा पाहून दंडाधिकाऱ्यांनी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली तुरुंगवास न देता त्याला सोडून दिले. ह्या अधिनियमाचे बारावे कलम सांगते की, असा लाभ मिळालेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही. आता सुटलो, असे त्या बिचाऱ्यास वाटले असेल. खात्याने मात्र त्याला तडकाफडकी बडतर्फ केले.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निकाल दिला. बाराव्या कलमाचा आधार कारकुनास मिळाला नाही. निवडणुकीस उभे राहण्यासारख्या बाबतीतील अपात्रता निराळी, नोकरीवरून दूर होणे निराळे. दोषी ठरलेल्या सरकारी नोकरास संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार चौकशीवाचूनही काढता येते. मात्र शिक्षेच्या अधिकारासोबत न्यायाने वागण्याचे कर्तव्यही येते, असे त्यांनी बजावले. मनाई असलेल्या जागी स्कूटर उभी केली, एवढ्यासाठी कोणाची नोकरी घ्यावी काय? पूर्ण थकित वेतनासह त्याला कामावर परत घेण्याचा हुकूम झाला. तोवर जवळजवळ वीस वर्षे लोटली होती. त्या काळात घरी चूल कशी पेटली, हे निकालपत्रात कोठून असणार!

आपल्या घरी कोणी सरकारी नोकरीत शिरत असेल, तर पूर्वचारित्र्याच्या पडताळणीचा नमुना त्याच्यासोबत बसून वाचावा. खटला, दोषसिद्धी, अटक यांविषयी जे विचारले असेल त्याचे उत्तर खरे लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे की, माहिती दडवणे हेच नेमणूक रद्द करण्यास कारण होऊ शकते. तरुण वयातील घोषणाबाजीसारखा किरकोळ गुन्हा मात्र नियोक्ता आपल्या विवेकाने दुर्लक्षू शकतो. उत्तर लिहिण्यापूर्वी जुन्या ट्रंकेतून निकालाची प्रत शोधून काढावी. तारीख व कलम आठवणीवर सोडू नये.