टेबलावरची भांडणं आणि एक तांब्या

शनिवार रात्र. नवीन पनवेलमधला आमचा हॉल. डायनिंग टेबलावर जुनी हिरवी चादर, सात-आठ खुर्च्या (त्यातल्या दोन शेजाऱ्यांच्या), फरसाणाचा डबा आणि चहाचा थर्मास. ही आमची पोकर लीग. माणशी पंधराशेच्या चिप्स, बारा शनिवारांचा सीझन, नंबराप्रमाणे पॉइंट्स. बारा शनिवार संपले की सगळ्यात जास्त पॉइंट्सवाल्याचं नाव एका स्टीलच्या तांब्यावर कोरायचं. हो, तांब्याच. कप महाग पडत होते :)

पैसे नाहीत. एक रुपयासुद्धा नाही. एकतर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यातून सूट आहे ती निव्वळ कौशल्याच्या खेळांना. आता पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळलंय, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला सरळ जुगार म्हटलंय. आणि त्याहून कडक कायदा आमच्या घरात आहे. "पैसे लावलेत तर चहा मिळणार नाही," असा.

तर मला वाटायचं, पैसे नाहीत म्हणजे भांडणं नाहीत. किती भाबडा असतो माणूस!

मंडळी सांगतो. एक आमचा डीबीए. ऐरोलीच्या ऑफिसातला, माझ्याबरोबर रोज पनवेल-ठाणे लोकलने जाणारा. एक टेस्टर, आमच्याच टीममधली, मला दोन वर्षं ज्युनिअर. पहिल्या सीझनचा तांब्या तिचा. चौथ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर्ड, तीस वर्षं लोकलमध्ये रमी खेळलेले. आणि दोन-तीन नवीन पोरं, जी मुख्यतः फरसाणासाठी येतात.

डीबीए आमच्याकडे उशिरा आला. आधी तो मोबाईलवर पैसे लावून खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याचं ॲप बंद झालं आणि हा एका शनिवारी आमच्या दारात उभा. खेळायला एक नंबर. पोकरमध्ये आक्रमक खेळ चांगलाच समजतात. पानं बरी असोत नसोत, बोली वाढवत राहायची, समोरच्याला सारखं कोड्यात टाकायचं. आम्ही सगळे त्याच्याकडून शिकलो.

पण आक्रमक खेळ वेगळा आणि आक्रमक माणूस वेगळा. मोबाईलवर समोरच्याला शिव्या घातल्या तर तो तुम्हाला म्यूट करतो आणि तुम्हाला कळतही नाही. हॉलमध्ये म्यूटचं बटण कुठून आणायचं?

एका डावात त्याच्याकडे एक्क्यांची जोडी होती आणि टेस्टरकडे चौकटचे अठ्ठी-नव्वी. त्याने जोरदार बोली लावली, तिने कॉल केला. शेवटच्या पानाला दश्शी पडली आणि तिचा सत्तीपासून गुलामापर्यंत सीक्वेन्स लागला. आता हे काही आक्रीत नाही. पाचातून एकदा तरी असल्या पानांपुढे एक्के हरतातच. पण हा उसळला. "असल्या पानांवर कोण कॉल करतं? डोकं वापरायचं असतं गं! पहिला तांब्या पण असाच मिळाला वाटतं?"

सगळे हसले. मीही हसलो. टेन्शन घालवायला म्हणून.

ती त्या रात्री लवकर गेली. पुढच्या शनिवारी रिलीज आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच म्हणाली नाही. मी मनात म्हटलं, बिझी असेल.

मग दोन महिन्यांनी ते झालं. काकांनी डीबीएला एका मोठ्या डावात साफ झोपवलं. पोकरवाले ज्याला टिल्ट म्हणतात ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. म्हणजे माणूस पानांशी खेळायचं सोडून आपल्याच रागाशी खेळायला लागतो. पुढचे चार डाव त्याने बघता बघता घालवले. पाचव्याला पानं काकांच्या दिशेने भिरकावली, टेबलाला धक्का दिला, चहा चादरभर, आणि तोंडातून जे निघालं ते वडिलांच्या वयाच्या माणसाला कोणी बोलत नाही. काका शांतपणे उठले, चप्पल घातली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले.

त्या रात्री साडेअकराला मी डीबीएला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. एक बटण. फोन नाही, मेसेज नाही. वाटलं, काय बाणेदार ॲडमिन आहोत आपण!

सकाळी त्याचा मेसेज. "चूक माझीच आहे. पण किती दिवसांसाठी? की कायमचं? आणि इतके महिने कोणी एक शब्द का नाही बोललं?"

माझ्याकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रोग्रॅम क्रॅश झाला आणि स्क्रीनवर काहीच एरर आली नाही तर आपण लिहिणाऱ्याचा उद्धार करतो. मी तेच केलं होतं. कारण नाही, मुदत नाही, परत यायचा रस्ता नाही.

मग मी टेस्टरला फोन केला. आनंदाची बातमी द्यायला! म्हटलं, त्याला काढलाय, आता ये.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मी दोन महिने येत नाहीये. तू एकदा तरी विचारलंस, का ते? काकांना बोलला तेव्हा काढलास. मला बोलला तेव्हा तू हसलास."

काय बोलणार? ऐरोलीच्या ऑफिसात रोज समोरासमोर बसतो आम्ही.

त्या रविवारी डोक्यात हेच चाललं होतं. मी समजत होतो, बॅन पहिल्यांदा त्या शनिवारी केला. खरं तर बॅन दोन महिन्यांपूर्वीच झाला होता, फक्त चुकीच्या माणसावर. टेबलावर कोणी दादागिरी करत असेल आणि यजमान गप्प बसला तर कोणीतरी बाहेर जातंच. फक्त ते आवाज न करता जातं, आणि आपण त्याला "बिझी असेल" म्हणतो. कोणालाच काढायचं नाही असा पर्याय नसतोच. कोण जाणार एवढंच तुमच्या हातात असतं.

संध्याकाळी काकांकडे गेलो, माफी मागायला. काकांनी चहा दिला आणि त्यांच्या रमीच्या ग्रुपची गोष्ट सांगितली. व्हीटीला जाणारी हार्बरची गाडी, गुडघ्यांवर ब्रीफकेस, त्यावर पत्ते. "भांडणं आमच्यातही व्हायची रे. पण ग्रुपमधून काढायची पद्धत नव्हती. कोणी जास्त बोललं की त्या दिवशी त्याला पानं वाटायची नाहीत. बसायची जागा मात्र ठेवायची. सीएसटी येईपर्यंत तो नुसता बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी परत पानं." (काका एकाच वाक्यात व्हीटी आणि सीएसटी दोन्ही म्हणतात. असो.)

मला एकदम कबड्डी आठवली. रायगड जिल्ह्यात राहून कबड्डी आठवली नाही तर काय उपयोग! तिथे तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू बाकावर बसतो, त्याची टीम एक माणूस कमी घेऊन खेळते, आणि दोन मिनिटांनी तो आत येतो. त्याला माहीत असतं का गेलो आणि कधी परत येणार.

मोठ्या पोकर स्पर्धांतही हेच आहे. तिथल्या पंचांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संघटना २००१ पासून आहे आणि तिच्या नियमांत शिक्षेच्या पायऱ्या आहेत. आधी ताकीद, मग एखादा डाव किंवा काही फेऱ्या टेबलापासून लांब, मग स्पर्धेतूनच बाहेर. गंमत म्हणजे लांब उभं असतानाही तुमचे ब्लाइंड कापले जातात. ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच आळीपाळीने टाकावी लागणारी बोली. म्हणजे तुम्ही बाहेर उभे राहून आपल्या चिप्स वितळताना बघायच्या. भाषण नाही, अपमान नाही, हिशोब फक्त.

मग मी एक पानभर नियम लिहिले आणि फ्रिजवर लावले:

पानांवर काय वाटेल ते बोला, माणसावर नाही.
हिरवं: ताकीद. ती टेबलावरचा कोणीही देऊ शकतो, यजमानाची वाट बघायची नाही.
पिवळं: एक पूर्ण फेरी गॅलरीत. ब्लाइंड चालू.
लाल: त्या रात्री घरी, आणि पुढचे चार शनिवार सुट्टी. कारण आणि परत यायची तारीख यजमानाने त्याच रात्री फोन करून सांगायची. ग्रुपमधून काढायचं नाही.
अंगावर जाणं, पत्ते फेकणं, घाण बोलणं: थेट लाल.
दुसऱ्यांदा लाल: सीझन संपला.

डीबीएला फोन केला. आधी माझी चूक सांगितली, मग चार शनिवारांची तारीख सांगितली. तो म्हणाला, "बरं." नंतर तो काकांकडे स्वतः जाऊन आला. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही, पण पाचव्या शनिवारी काका त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले. आता तो हरला की उठून गॅलरीत जातो, आपणहून, कार्ड न मिळता. परत येतो तेव्हा कोणी काही विचारत नाही.

नव्या नियमातलं पहिलं हिरवं कार्ड कोणाला मिळालं सांगू? मला. एका पोराला "इतका वेळ काय विचार करतोस, डोकं आहे तेवढंच आहे" म्हणालो. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "हिरवं."

टेस्टर परत आली नाही. डीबीएने तिला माफीचा मेसेज केला, मीही केला. तिने मला उत्तर दिलं. राग नाही म्हणाली, पण शनिवारी आता खारघरला बॅडमिंटन खेळायला जाते, तिथे मजा येते. नियमांचं पान वेळेवर फ्रिजवर असतं तर ती आज टेबलावर असती, आणि बहुतेक आम्हा सगळ्यांना झोपवत असती.

तांब्यावर तिचं नाव पहिलं आहे. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, ही कोण? मी सांगतो. सगळं सांगतो, माझ्या हसण्यासकट.