सोयाबीनचं सत्र

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात तीच वेळ पेरणीची. एकीकडे वावरात तिफण चालू असते आणि दुसरीकडे आम्ही प्राथमिक शिक्षक वार्षिक नियोजन लिहायला बसतो. पहिली-दुसरीच्या थीमचे तयार नमुने मिळतात: माझं कुटुंब, पाऊस, सण, प्राणी, आपले मदतनीस, वाहनं. महिन्याला एक, सगळ्यांना सारखी जागा.

मला ही सारखी वाटणी पटत नाही. थीम कधी घ्यायची आणि किती दिवस चालवायची, हे मुलाच्या घरी त्या वेळी काय चाललं आहे त्यावरून ठरावं. आमच्याकडे सोयाबीन साधारण शंभर दिवसांचं पीक. शाळेची घंटा वाजते तेव्हा ते पेरलं जातं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बहुतेकांची सोंगणी झालेली असते. एका जिवाची सुरुवात आणि शेवट एकाच सत्रात, मुलांच्या डोळ्यांसमोर. मग त्याला चार आठवड्यांत का कोंबायचं? सत्रभर चालू द्यावं, इतर थीमच्या सोबतीनं.

पेरणीआधी घरोघरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहतात. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. दहा-दहाच्या दहा ओळी मांडून हेच वर्गात केलं की शंभरपर्यंतची मोजणी कामाची होते. डवरणीच्या दिवसांत पिकाच्या दोन ओळींमधलं अंतर वितीनं मोजता येतं. रोप हलक्या हातानं उपटलं की मुळांवर गाठी दिसतात; नखानं फोडल्यावर आत गुलाबी रंग असला तर त्या हवेतला नत्र धरण्याचं काम करताहेत. सहा वर्षांच्या मुलाला ‘नत्र’ कळायची गरज नाही, पण त्या गाठी एकदा पाहिल्या की ते घरी जाऊन वडलांना दाखवतं. श्रावणात बंजारा तांड्यांवर तीज असते, मुली टोपल्यांत गहू पेरून रोज पाणी घालतात. अंकुराचा पाठ तिथं आधीच सुरू झालेला असतो. गोरमाटी बोलणारी, वर्गात गप्प राहणारी मुलगी त्या आठवड्यात सगळ्यांना समजावून सांगते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीम आकाराला आली. भाषा, गणित, परिसर हे सारं एखाद्या हस्तोद्योगाशी जोडून शिकवायचं. त्याला समवाय म्हणत. तिथं टकळी आणि सूत होतं. आमच्या शिवारात आज सोयाबीन आहे. आजी-आजोबांना इथं ज्वारी आणि कपाशी आठवते, म्हणून ‘पूर्वी आणि आता’ हा पाठ त्यांच्याकडूनच यावा. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हे चौथीत सांगू. सात वर्षांच्या मुलाचा इतिहास आजीच्या लहानपणापर्यंतच जातो.

पीक कधी पिवळं पडतं, कधी सोंगून ठेवलेली सुडी पावसात भिजते. मुलं हे घरून ऐकून येतात. त्या दिवशी ठरलेलं गाणं बाजूला ठेवून त्यांचं ऐकावं, चित्र काढू द्यावं. नियोजनात अशा दिवसांसाठी मोकळी जागा हवीच.

दिवाळीनंतर काही घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही सोबत जातात. म्हणून ‘माझं कुटुंब’ मी कुटुंब गावात असतानाच, दिवाळीआधी घेते. नोव्हेंबरात त्या थीमवर चित्र काढायला लावणं काही मुलांना जड जाईल. ‘वाहनं आणि प्रवास’ मात्र मी मार्चनंतर ठेवते. तोवर ऊसतोडीची घरं परतू लागतात. सोबत गेलेल्या मुलांनी ट्रक, बैलगाड्यांच्या रांगा आणि साखर कारखाना पाहिलेला असतो. बुडालेल्या धड्यांमुळे मागं पडलेली ही मुलं त्या थीममध्ये सर्वांत जास्त जाणणारी असतात. प्रवासाचा नकाशा त्यांच्या हातून काढून घ्यायचा, त्यातली गावांची नावं फळ्यावर मी लिहायची, आणि वाचनाची उजळणी त्याच नावांपासून सुरू करायची.