न मोजता येणारे पीक



पालघर स्टेशनवर उतरून एस. टी. धरली की थोड्याच वेळात सातपाटी गाव येते. पापलेटसाठी नावाजलेले हे बंदर. माझी सारी नोकरी पिकांत गेली. एकरी उतारा काढायचा तर आम्ही पीक कापणी प्रयोग करतो. समुद्रातले उभे पीक मोजायचे कसे, हे कोडे घेऊन मी तेथे गेलो.

किनाऱ्यावर एक वयस्क तांडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. विचारले, "मामा, पापलेट घटले म्हणता, पण नक्की किती?"

"ते कुणी सांगावं, साहेब? जाळ्यात आलं तेवढंच कळतं. राहिलं किती, ते दर्यालाच ठाऊक."

खरे आहे. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची माणसे निवडक बंदरांवर उतरलेली मासळी नोंदवून अंदाज बांधतात. पण ती झाली खळ्यावरची रास. शेतात किती उरले, याचा तर्कच करावा लागतो. त्यात बोटी लांब जातात, जाळी मोठी होतात, त्यामुळे मासळी घटली तरी काही काळ पकड टिकून दिसते. विहिरीवर जादा अश्वशक्तीचा पंप बसवून पाणी वाढले असे मानावे, तसेच हे.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर हेच घडले. तेथे कॉड माशाचा साठा प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला गेला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एकदम गेला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ती बंदी २०२४ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे चालली.

आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. जूनपासून पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवले गेले आणि ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे.

हे तांडेलांना सांगितले, तर ते म्हणाले, "मी पिल्लू सोडलं, तर ते शेजारच्या बोटीला मिळतं. मग बोटीचा हप्ता मी कशातून भरू?"

यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. शिवाय जाळ्यातून वर आलेले पिल्लू बहुधा मेलेलेच असते. म्हणून जाळ्याच्या आसाचा आकारच मोठा हवा, आणि तोही सर्वांसाठी सारखा. पाझर तलावाचे पाणी एकट्याने जपून वाचत नाही, तसेच हे आहे.

बंधूंनो, पाऊस किती पडेल हे आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणून काय आपण कणगीतले बियाणे खातो? उलट, भरवसा जितका कमी तितके बियाणे जास्त राखतो. समुद्रालाही हाच हिशेब लागू आहे.

आठवड्याच्या बाजारात तळहातात मावणारे पापलेट स्वस्त मिळाले, तर घेण्यापूर्वी एवढे आठवा. ते समुद्राचे बियाणे आहे.